रिपोर्टमधले 'कोआर्क्टेशन' : कसे वाचावे, कोठे वापरावे

सांगली-मिरजेच्या दवाखान्यांतून मिळणाऱ्या टू-डी एकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर क्वचित कधी 'कोआर्क्टेशन ऑफ एओर्टा' अशी ओळ असते, तर काही वेळा नुसतेच 'सीओए' लिहिलेले असते. एओर्टा म्हणजे हृदयातून निघणारी महाधमनी. दाबून जवळ आणणे अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आलेला हा शब्द अरुंदपणाच दाखवतो. मात्र तो कोणत्याही अरुंदपणाला लावता येत नाही. पालकांना रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या परिचारिका, आशाताई आणि वैद्यकीय मजकूर मराठीत आणणारे लेखक यांनी हा भेद काटेकोरपणे पाळायला हवा.

वैद्यकात 'स्टेनोसिस' हा सर्वसाधारण शब्द आहे; हृदयाची झडप, मणक्यातील पोकळी, मानेतील रक्तवाहिनी अशा कितीतरी ठिकाणी तो चालतो. मूत्रमार्ग, अन्ननलिका किंवा आतडे बहुधा जखमेचा व्रण आक्रसल्यामुळे अरुंद झाले, तर 'स्ट्रिक्चर' म्हणतात. 'कोआर्क्टेशन' मात्र व्यवहारात जवळजवळ महाधमनीपुरतेच राखलेले आहे : डाव्या हाताकडे जाणारी शाखा फुटल्यानंतर, बहुधा लगेचच पुढे, ही मोठी रक्तवाहिनी जन्मतः चिमटलेली असते. त्याऐवजी 'एओर्टिक स्टेनोसिस' लिहिणे ही साधी चूक नव्हे, कारण तो शब्द सहसा महाधमनीच्या झडपेच्या आजारासाठी वापरतात आणि त्याचे उपचार वेगळे असतात. (कीटकशास्त्रात माशीच्या कडक आवरणातील कोषालाही 'कोआर्क्टेट' म्हणतात, फळमाशीचा अभ्यास करणाऱ्या कृषी विद्यार्थ्यांना तो भेटेल, पण त्याचा हृदयाशी संबंध नाही.)

मराठीत लिहिताना 'महाधमनीचे आकुंचन' टाळावे, असे माझे ठाम मत आहे. हृदयाच्या आकुंचन-प्रसरणाची आपल्याला इतकी सवय आहे की, ती नेहमीची क्रिया वाटून दोष नजरेआड होतो. 'महाधमनी एका ठिकाणी जन्मतः अरुंद आहे' असे सरळ लिहावे आणि पुढे मूळ संज्ञा द्यावी. तसेच 'बाळाला कोआर्क्टेशन झाले' असे न म्हणता 'आहे' म्हणावे. 'झाले' म्हटले की आईला वाटते, आपल्या हातून काही राहून गेले.

तासगावच्या बागायतदाराला सांगायचे, तर ठिबकची नळी मध्येच चिमटल्यावर अलीकडे दाब वाढतो आणि पलीकडच्या वेलींना पाणी कमी पडते, एवढे पुरेसे आहे. शरीरातही हातांचा रक्तदाब वाढतो आणि पायांकडचा प्रवाह मंदावतो. म्हणून हा शब्द वाचला की रिपोर्टमध्ये उजवा हात आणि पाय या दोन्हींचा रक्तदाब लिहिला आहे का, ते पाहावे. रुग्णाला निजवून, योग्य रुंदीचा पट्टा बांधून मोजल्यास पायाचा वरचा आकडा एरवी हाताइतका किंवा थोडा जास्त भरतो. हाताचा आकडा २० किंवा त्याहून अधिक मिलिमीटरने चढा निघाला, तर कोआर्क्टेशनचा संशय बळावतो. जांघेतील नाडी क्षीण लागणे किंवा मनगटाच्या नाडीपेक्षा उशिरा लागणे ही खूणही तितकीच मोलाची आहे, आणि ती तपासायला बोटांशिवाय काही लागत नाही.

नवजात बाळाच्या बाबतीत मात्र शब्दार्थात वेळ घालवू नये. गर्भावस्थेत उघडी असलेली एक रक्तवाहिनी जन्मानंतर काही दिवसांत मिटते आणि तोवर बरे दिसणारे बाळ अचानक दूध ओढेनासे होते, धापा टाकते, फिकट पडते, लघवी कमी करते. अशा वेळी तत्काळ बालहृदयरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्यावे. ती वाहिनी उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन हे औषध शस्त्रक्रियेपर्यंत बाळाला जपते.

स्वीडनमधील क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी १९४४ मध्ये अरुंद भाग कापून टोके जोडण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. आता वय आणि रचना पाहून अरुंद जागा रुंदावणारा फुगा किंवा ती उघडी ठेवणारी जाळी (स्टेंट) हेही वापरतात. उपचारानंतरच्या कागदांवर 'रिकोआर्क्टेशन' दिसल्यास तीच जागा पुन्हा अरुंद झाली आहे, असा अर्थ घ्यावा. म्हणूनच मूल मोठे झाल्यावरही दर भेटीत उजव्या हाताचा रक्तदाब मोजून घ्यावा आणि शस्त्रक्रियेचे कागद फाइलमध्ये सर्वांत वर लावावेत.