व्हर्च्युअल मशीनवरील डेटाबेस वेगवान कसा ठेवावा

जळगाव, भुसावळ, धुळे भागातील पतसंस्था, जिनिंग कारखाने आणि केळी व्यापाऱ्यांच्या पेढ्यांमध्ये बहुधा एकाच मोठ्या सर्व्हरवर हिशेबाची प्रणाली, फाइल सर्व्हर आणि डेटाबेस अशी वेगवेगळी व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअरने तयार केलेले स्वतंत्र संगणक) चालतात. डेटाबेस मंदावला की व्हर्च्युअलायझेशनला दोष दिला जातो आणि व्हर्च्युअल सीपीयू वाढवले जातात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी मेमरी व डिस्क यांचा वाटा पक्का करावा, सीपीयूचा विचार त्यानंतर करावा.

डेटाबेसच्या मशीनला दिलेली सर्व मेमरी राखीव ठेवावी. ती राखीव नसेल आणि यजमान सर्व्हरवर टंचाई झाली, तर हायपरव्हायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर, बलूनिंग या युक्तीने पाहुण्या, म्हणजे त्यावर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनकडून मेमरी काढून घेतो. मग डेटाच्या ज्या पानांसाठी मेमरीत बफर राखला होता तीच पाने पुन्हा डिस्कवरून वाचावी लागतात. डेटाबेस पोस्टग्रेस असल्यास शेअर्ड बफर्स (डेटाची पाने मेमरीत ठेवण्याची त्याची जागा) मेमरीच्या सुमारे २५ टक्के ठेवून सुरुवात करावी, तर एसक्यूएल सर्व्हर असल्यास कमाल मेमरीची मर्यादा स्वतः घालावी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला जागा उरते.

खरी कसोटी डिस्कची असते. प्रत्येक व्यवहार कायम करताना त्याची नोंद आधी लॉगमध्ये जाऊन डिस्कवर पक्की व्हावी लागते, त्यामुळे लॉगची डिस्क संथ असेल तर बाकी सारे वेगवान असूनही खातेदार काउंटरवर ताटकळतो. डेटा आणि लॉग यांच्यासाठी वेगळ्या व्हर्च्युअल डिस्क कराव्यात. व्हीएमवेअर या हायपरव्हायझरमध्ये एका मशीनला चार स्कझी कंट्रोलर (डिस्क जोडण्याचे व्हर्च्युअल भाग) जोडता येतात. या डिस्क वेगवेगळ्या पॅराव्हर्च्युअल (खास व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेल्या वेगवान) कंट्रोलरवर टाकल्यास त्यांच्या रांगा वेगळ्या होतात. मात्र त्या सर्व खाली एकाच संथ हार्डडिस्कच्या संचावर असतील, तर या विभागणीचा फायदा अल्पच होतो. लिनक्सच्या केव्हीएम या हायपरव्हायझरवर त्याच प्रकारचा व्हर्टआयओ ड्रायव्हर वापरावा.

वेगासाठी पोस्टग्रेसमधील एफसिंक (लेखन डिस्कवर पक्के झाल्याची खात्री करणारी सेटिंग) बंद करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. आपल्याकडे वीज केव्हाही जाते आणि तशा वेळी डेटाबेस कायमचा बिघडू शकतो. वेग हवा असेल तर बॅटरीचे संरक्षण असलेला राइट कॅश (लेखन तात्पुरते धरून ठेवणारी डिस्क कंट्रोलरची मेमरी) आणि भरवशाचा यूपीएस यांवर खर्च करावा.

स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणीची स्थिती जपून ठेवणे, हा बॅकअप नव्हे. व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट घेतल्यावर पुढचे लेखन वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जाते आणि ती वाढत राहते, म्हणून अद्ययावतीकरणापूर्वी घेतलेला स्नॅपशॉट ते नीट झाल्याची खात्री होताच काढावा. तेही गर्दीच्या वेळी नको, कारण डेल्टा फाइल मूळ डिस्कमध्ये विलीन होताना मशीन काही क्षण थबकू शकते.

आता सीपीयू. यजमान सर्व्हरला प्रत्येकी १२ कोअरचे दोन प्रोसेसर असतील, तर डेटाबेसला १२ पेक्षा जास्त व्हर्च्युअल सीपीयू सहसा देऊ नयेत. अशा वेळी मशीन एकाच नुमा नोडमध्ये (एक प्रोसेसर आणि त्याला जवळची मेमरी) मावते, मात्र तिची मेमरीही त्याच नोडमध्ये बसायला हवी. व्हीएमवेअरच्या २० सेकंदांच्या आलेखात एका व्हर्च्युअल सीपीयूचा रेडी टाइम (खरा कोअर मिळण्याची वाट पाहण्याचा काळ) २००० मिलिसेकंद दिसला, तर त्याचा अर्थ त्या सीपीयूने १० टक्के वेळ नुसती वाट पाहिली. इथे सीपीयू वाढवण्यापेक्षा इतर मशीनचे सीपीयू कमी करणे हा सहसा चांगला उपाय असतो. सर्व्हरच्या बायोसमधील (सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधील) वीजबचतीचा पर्याय बदलून उच्च कार्यक्षमता निवडावी. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा सर्व्हरच्या खोलीतील एसी रात्री बंद करू नये, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

मोजमाप शांत वेळी करून उपयोग नाही. पिग्मी एजंट संध्याकाळी भरणा करतात आणि दिवसअखेरची प्रक्रिया चालते, त्या वेळी लिनक्सवर आयओस्टॅट या डिस्क मोजणाऱ्या आज्ञेतील लेखनाचा प्रतीक्षाकाळ पाहावा. एसएसडीवर तो एक-दोन मिलिसेकंदांच्या आसपास असावा. तो सतत २० मिलिसेकंदांच्या वर राहत असेल, तर आधी डिस्ककडे वळावे. एका वेळी एकच बदल करून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेचे आकडे नोंदवावेत.