रजोनिवृत्तीत हार्मोन उपचार सुरू करताना : कोणता त्रास कोणत्या हार्मोनचा, हे ओळखावे कसे

“मला हार्मोन सोसले नाहीत” असे सांगून पहिल्या महिन्यातच उपचार सोडून देणाऱ्या स्त्रिया पुष्कळ असतात, आणि त्यांचा त्रास खराच असतो. पण कोणते हार्मोन सोसले नाही, हा प्रश्न बहुधा कोणी विचारलेलाच नसतो. रजोनिवृत्तीतील हार्मोन उपचार, म्हणजे एचआरटी, हे बहुतेकींच्या बाबतीत एक औषध नसून दोन औषधे असतात. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, रात्रीचा घाम, मोडणारी झोप आणि योनीचा कोरडेपणा कमी करण्याचे काम इस्ट्रोजेन करते. ज्यांचे गर्भाशय शाबूत आहे त्यांना त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्यासारखे काम करणारे प्रोजेस्टोजेन द्यावे लागते, कारण एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे अस्तर वाढत जाते. एकट्या इस्ट्रोजेनमुळे त्या अस्तराचा कर्करोग वाढतो हे 1975 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून स्पष्ट झाले, आणि तेव्हापासून ही जोडी रूढ झाली. ज्यांचे गर्भाशय काढलेले आहे त्यांना सहसा इस्ट्रोजेन एकटे पुरते. या दोन औषधांचे दुष्परिणाम वेगळे असतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे असतात, एवढे मनाशी पक्के असले की पुढची वाट बरीच सोपी होते.

सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. उपचारासाठी मात्र तोवर थांबण्याची गरज नसते, कारण पाळी अनियमित होऊ लागते त्या काळातच वाफांचा त्रास पुष्कळदा सर्वांत जास्त असतो. वय 45 च्या पुढे असेल आणि लक्षणे नेहमीची असतील, तर निदानासाठी एफएसएचची (अंडाशयाला चालना देणाऱ्या हार्मोनची) रक्ततपासणी सहसा लागत नाही. त्या काळात हे आकडे आठवड्याआठवड्याला बदलतात आणि एका अहवालावरून काहीच ठरत नाही. चाळिशीच्या आत पाळी थांबली असेल तर गोष्ट निराळी असते. तेथे तपासण्या आवश्यक असतात, आणि हाडे व हृदय यांच्या रक्षणासाठी नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण 50–51 वर्षांपर्यंत, हार्मोन घेण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो.

भीतीचा उगम बहुतेक वेळा 2002 सालात असतो. त्या वर्षी अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीतील दोन हार्मोनांचा भाग मुदतीआधी थांबवण्यात आला, कारण औषध घेणाऱ्या गटात दर वर्षी दर 10,000 स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाच्या 38 घटना आढळल्या आणि औषध न घेणाऱ्या गटात 30. म्हणजे वाढ खरी होती, पण ती दहा हजारांत आठांची होती. शिवाय त्या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, आणि त्यांना दिलेले औषध गाभण घोड्यांच्या मूत्रातून मिळवलेले इस्ट्रोजेन व एक कृत्रिम प्रोजेस्टोजेन अशा गोळीच्या रूपात होते. गर्भाशय काढलेल्या ज्या स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन दिले होते, त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाची वाढ दिसली नाही. तो भाग 2004 साली थांबवला गेला तो पक्षाघाताचा धोका वाढल्यामुळे. आज तज्ज्ञ संस्थांचे सर्वसाधारण मत असे आहे की वय 60 च्या आत असेल, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झालेली नसतील, आणि लक्षणे त्रासदायक असतील, तर बहुतेक निरोगी स्त्रियांच्या बाबतीत लाभाचे पारडे जड असते. धोका नाहीच असे कोणी सांगत असेल तर तेही खरे मानू नये.

काही स्त्रियांनी मात्र हा मार्ग सहसा धरू नये. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, योनीतून होणाऱ्या रक्तस्रावाचे कारण अजून कळले नसेल, यकृताचा आजार सक्रिय असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, किंवा पायात अथवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, तर हार्मोनांऐवजी इतर औषधांचा विचार होतो. नैराश्यावरची काही औषधे कमी मात्रेत वाफा कमी करतात, गॅबापेंटिनही उपयोगी पडते, आणि फेझोलिनेटंट हे हार्मोन नसलेले औषध 2023 साली अमेरिकेत याच कामासाठी मंजूर झाले. उच्च रक्तदाब असेल तर तो आधी आटोक्यात आणावा लागतो.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे एक साधी वही ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण तपासणीच्या खोलीत “खूप त्रास होतो” याच्यापलीकडे काही आठवत नाही. वहीत मोठे वर्णन नको. “मंगळवार : दिवसा वाफा 6, रात्री घामाने दोनदा जाग, गाऊन बदलावा लागला, सकाळी डोके जड” अशी एक ओळ पुरते. पाळीचा किंवा डागाचा दिवस वेगळ्या रंगाने लिहावा. हीच वही औषध सुरू झाल्यावर पुढे चालवायची असते आणि तिचा खरा उपयोग तेव्हाच कळतो. घरात आई किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला होता का, स्वतःला अर्धशिशी आहे का, कधी गुठळी झाली होती का, आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत, हेही तिच्यातच टिपून न्यावे. रक्तदाब, वजन आणि वयानुसार देय असलेली मॅमोग्राफी या गोष्टी सुरुवातीलाच होतात. प्रत्येकीला सोनोग्राफी लागतेच असे नाही.

इस्ट्रोजेन शरीरात कोणत्या वाटेने जाते, याला माझ्या मते मात्रेइतकेच महत्त्व आहे. गोळी पोटातून आधी यकृतात जाते, तेथे रक्त गोठवणारे घटक वाढतात आणि त्यामुळे गुठळीचा धोका वाढतो. पॅच, जेल किंवा स्प्रे यांतील इस्ट्रोजेन त्वचेतून थेट रक्तात उतरते आणि नेहमीच्या मात्रेत तो धोका वाढलेला आढळत नाही. वजन जास्त असणाऱ्या, धूम्रपान करणाऱ्या, अर्धशिशी किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्या स्त्रियांसाठी म्हणूनच त्वचेची वाट सुचवतात. सुरुवात कमी मात्रेने होते : चोवीस तासांत 25 ते 50 मायक्रोग्रॅम सोडणारा पॅच, किंवा 1 मिलिग्रॅम इस्ट्राडायोलची (इस्ट्रोजेनच्या एका प्रकाराची) गोळी, किंवा जेलचे एक-दोन पंप. तक्रार फक्त योनीचा कोरडेपणा, संभोगाच्या वेळची वेदना किंवा वारंवार होणारी लघवीची जळजळ एवढीच असेल, तर योनीत ठेवायची इस्ट्रोजेनची गोळी किंवा क्रीम पुरेसे होते. ते सुरुवातीला दोन-तीन आठवडे रोज आणि पुढे आठवड्यातून दोनदा वापरतात. त्यातून रक्तात फारच थोडे हार्मोन जाते, त्यामुळे जोडीला प्रोजेस्टेरॉन लागत नाही.

पॅच लावणे वाटते तितके बिनचूक होत नाही. जागा कमरेच्या खालची, म्हणजे नितंब किंवा ओटीपोट अशी निवडावी. स्तनांवर तो कधीही लावू नये. त्वचा कोरडी हवी आणि तिच्यावर तेल किंवा लोशनचा अंश नको, नाहीतर दुसऱ्या दिवशी कडा उचकटतात आणि कपड्याला चिकटतात. लावल्यावर तळहाताने दहा-एक सेकंद दाबून धरावा, म्हणजे शरीराच्या उबेने गोंद नीट बसतो. पुढचा पॅच त्याच जागी न लावता बाजू बदलावी. काढल्यावर मागे राहणारी करडी चौकट साबणाने निघत नाही; थोडे तेल चोळले की ती सुटते. जेल लावणाऱ्यांनी ते पूर्ण वाळेपर्यंत कपडे घालू नयेत, हात धुवावेत, आणि तासभर ती जागा दुसऱ्या कोणाच्या, विशेषतः लहान मुलांच्या, त्वचेला लागू देऊ नये.

प्रोजेस्टेरॉनचे वेळापत्रक पाळीवर ठरते. पाळी अजून अधूनमधून येत असेल तर ते महिन्यातले 12 ते 14 दिवस देतात, आणि ते थांबल्यावर पाळीसारखा स्राव येतो. पाळी जाऊन वर्ष उलटले असेल तर ते रोज देतात आणि कालांतराने स्राव पूर्ण थांबणे अपेक्षित असते. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे शरीरातल्यासारख्याच पण सूक्ष्म कणांच्या रूपातील प्रोजेस्टेरॉनची, नेहमीची मात्रा पहिल्या पद्धतीत रात्री 200 मिलिग्रॅम आणि दुसऱ्या पद्धतीत 100 मिलिग्रॅम असते. त्याने गुंगी येते, म्हणून ते झोपतानाच घ्यावे. ज्यांची झोप मोडलेली असते त्यांना हा दुष्परिणाम वरदानच वाटतो. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचे तेल असते, तेव्हा शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी वेष्टन वाचावे.

आता त्रासांकडे वळू. स्तन हुळहुळे होणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणे आणि डोके दुखणे हे बहुधा इस्ट्रोजेनचे काम असते. यांतले पुष्कळसे काही आठवड्यांत आपोआप ओसरते. मळमळ गोळीने होत असेल तर ती जेवणाबरोबर किंवा रात्री घेऊन पाहावी; तरीही राहिली तर गोळीऐवजी पॅच मागावा. अर्धशिशी वाढली असेल तर कारण पुष्कळदा मात्रेतील चढउतार असते, आणि रक्तातील पातळी स्थिर ठेवणारा पॅच तेथे गोळीपेक्षा बरा ठरतो. स्तनांचा ठणका सहा-आठ आठवड्यांनंतरही कायम असेल तर मात्रा थोडी जास्त झाली असण्याचा संभव असतो. पॅचखाली खाज सुटत असेल तर दोष गोंदाचा असतो, हार्मोनचा नव्हे. कंपनी बदलून किंवा जेलवर जाऊन प्रश्न सुटतो.

याउलट विनाकारण चिडचिड, रडू येणे, मन खिन्न होणे, चेहऱ्यावर मुरुमे येणे आणि पाळीच्या आधी फुगते तसे पोट फुगणे, हे प्रोजेस्टोजेनकडे बोट दाखवते. येथे वही निकाल देते. महिन्यातले ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्या स्त्रीची चिडचिड नेमकी त्याच दिवसांत येत असेल आणि ते थांबताच मावळत असेल, तर आरोपी सापडला म्हणायचे. अशा वेळी अनेकजणी एक मोठी चूक करतात : इस्ट्रोजेनने बरे वाटते म्हणून ते चालू ठेवतात आणि त्रास देणारी कॅप्सूल गुपचूप बंद करतात. असे कदापि करू नये, कारण मग अस्तराला कोणताच पहारा उरत नाही. कृत्रिम प्रोजेस्टोजेनऐवजी मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन घेणे, किंवा लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टोजेन सोडणारे साधन गर्भाशयात बसवणे, असे पर्याय डॉक्टरांकडे असतात. वजन वाढल्याचा ठपकाही हार्मोनांवर ठेवला जातो. हार्मोन उपचाराने वजन वाढते असा पुरावा मात्र नाही. त्या वयात ते तसेही वाढू लागते.

स्रावाबद्दल घाबरण्याआधी तारीख पाहावी. सुरुवातीचे तीन ते सहा महिने अनियमित डाग पडणे नेहमीचे आहे, आणि मात्रा बदलल्यावरही काही काळ तसे होते. परंतु स्राव सहा महिन्यांनंतरही चालू असेल, फार जास्त असेल, किंवा पूर्ण थांबून काही काळाने पुन्हा सुरू झाला असेल, तर सोनोग्राफीने अस्तराची जाडी पाहणे आणि गरज पडल्यास त्याचा नमुना तपासणे टाळू नये.

काही लक्षणांत वही काढत बसू नये. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, कधी नव्हे इतके तीव्र डोके दुखणे, बोलणे अडखळणे, चेहऱ्याची किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे, दृष्टी एकदम अंधुक होणे, यांपैकी काहीही झाले तर लगेच रुग्णालय गाठावे. स्तनात गाठ लागली किंवा डोळे पिवळे दिसू लागले तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.

इतर औषधांशी होणारा संबंध सहज विसरला जातो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या स्त्रीने तोंडावाटे इस्ट्रोजेन सुरू केले, तर तिला थायरॉक्सिनची मात्रा वाढवावी लागू शकते, म्हणून काही आठवड्यांनी थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी पुन्हा करावी. फिट्सवरच्या लॅमोट्रिजिनची रक्तातील पातळी इस्ट्रोजेनमुळे उतरू शकते, आणि फिट्सवरची इतर काही औषधे उलट हार्मोनांचाच परिणाम कमी करतात. आणखी एक : एचआरटी हे गर्भनिरोधक नाही. शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आली असेल तर त्यानंतर दोन वर्षे, आणि पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष, गर्भनिरोधन चालू ठेवावे लागते.

पहिली फेरतपासणी साधारण तीन महिन्यांनी होते. वाफा काही आठवड्यांतच कमी होऊ लागतात, पण पूर्ण परिणाम जोखायला तेवढा वेळ लागतो, आणि योनीच्या कोरडेपणाला त्याहून जास्त. म्हणून जीव मुठीत धरून नव्हे, पण धीराने तीन महिने द्यावेत, आणि एका वेळी एकच बदल करावा. मात्रा आणि प्रकार एकदम बदलले तर गुण कशाने आला हे कोणालाच सांगता येत नाही. सगळे सुरळीत झाले की वर्षातून एकदा रक्तदाब, स्तनांची तपासणी आणि “अजून गरज आहे का” ही चर्चा पुरते. ठरावीक वर्षांनंतर औषध थांबवलेच पाहिजे असा सरसकट नियम नाही, मात्र वयाबरोबर आणि वापराच्या वर्षांबरोबर हिशेब बदलत जातो. थांबवायचे ठरले तर मात्रा काही महिन्यांत हळूहळू उतरवल्यास सुरुवातीला वाफा कमी उसळतात, दूरच्या परिणामात मात्र एकदम थांबवण्याशी फारसा फरक दिसत नाही. योनीचा कोरडेपणा थांबवल्यावर बहुधा परत येतो, आणि त्यासाठीचे स्थानिक क्रीम पुढेही चालू ठेवता येते.