एकच लिनक्स कर्नल: आईचा पीसी, घरचा सर्व्हर आणि तबल्याचं रेकॉर्डिंग

कोथरूडच्या आमच्या घरात पीसी एकच आहे आणि त्याच्यावर कामं तीन. सगळ्यांचे फोटो आणि कागदपत्रं त्याच्यावर असतात म्हणजे तो सर्व्हर, आईचा भिशीचा हिशोब आणि यूट्यूब त्याच्यावरच, आणि रविवारी मावसभाऊ तबला घेऊन आला की दोन माइक लावून तोच स्टुडिओ. पहिल्याच रेकॉर्डिंगला घोळ झाला. हेडफोनमधे मधूनच कट्ट, कट्ट. द्रुत कायद्यात तर ते इतकं बेमालूम मिसळायचं की तिरकिटला एक जादाचा ट लागल्यासारखा वाटायचा, भाऊ म्हणाला अरे तुझा पीसी माझ्यापेक्षा जास्त बोल वाजवतोय.

नेटवर विचारलं तर सगळे म्हणतात ऑडिओसाठी वेगळा कर्नल टाक (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, कुठल्या प्रोग्रामला सीपीयू कधी द्यायचा ते तोच ठरवतो). मी पण एक शनिवार त्यात घालवला आणि मग काढून टाकला, कारण गरजच नव्हती. तुमचं पण असंच असेल तर खालच्या क्रमाने करा.

आधी या तीन कामांचं आपसात भांडण नेमकं कशाचं आहे ते बघू. लग्नाच्या पंगतीत जिलबीचा वाढपी एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात जातो, फेऱ्या कमी, पंगत लवकर उठते. सर्व्हरला हेच पाहिजे, हातातलं काम सारखं सोडू नका. ऑडिओ म्हणजे असा पाहुणा की त्याला दर अडीच मिनिटांनी घोटभर पाणी मिळालंच पाहिजे, वाढपी पंगतीच्या मधे असला तरी जिलबी खाली ठेवून धावायचं. पाणी थोडंसंच पण उशीर चालणार नाही. आणि डेस्कटॉप या दोघांच्या मधे कुठेतरी, माउस अडकला नाही म्हणजे झालं.

आता आकडे. आवाजाचे सेकंदाला 48000 तुकडे (सॅम्पल) घेतले आणि एका खेपेला (बफर) 128 सॅम्पल नेले, म्हणजे दर 2.67 मिलिसेकंदाला डेटा हजर पाहिजे. चुकला की तो कट्ट, त्यालाच एक्सरन म्हणतात. मग बफर 1024 करा की, असं कोणी म्हणेल. करा, पण असे दोन बफर मिळून जवळपास 43 मिलिसेकंद होतात, आणि आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे स्वतःचा तबला साडेचौदा मीटर लांबून ऐकू आल्यासारखा. 128 ला तेच पावणेदोन-दोन मीटर, तेवढं चालतं. ब्लूटूथ हेडफोन लावून हे सगळं करत असाल तर इथेच थांबा, वायरवाला आणा, ब्लूटूथचा उशीर या सगळ्याच्या कितीतरी पट असतो.

पहिलं काम, टर्मिनलमधे युनेम -ए मारा (कमांड, ऑप्शन सगळं इंग्रजी स्मॉल लेटर्समधेच टाइप करायचं बरं का). उत्तरात प्रीएम्प्ट अंडरस्कोर डायनॅमिक दिसलं की तुमचा साधा कर्नलच या तिन्ही कामांची रूपं घेऊ शकतो. ही सोय 2021 मधे कर्नलच्या 5.12 आवृत्तीपासून आली. नन (सर्व्हरसाठी), व्हॉलंटरी (डेस्कटॉपसाठी) आणि फुल (ऑडिओसाठी) असे मोड असतात, नव्या कर्नलांमधे लेझी पण दिसेल. ननमधे कर्नल स्वतःच्या कामात असला की मधे कोणी बोलायचं नाही, फुलमधे जवळपास कुठेही त्याला थांबवता येतं, फक्त त्याने काही लॉक धरून ठेवलं असेल तेवढं सोडून.

गंमत म्हणजे हे चालू मशीनवर बदलता येतं. रूट (म्हणजे ॲडमिन) होऊन /सिस/कर्नल/डीबग/स्केड/प्रीएम्प्ट ही फाइल बघा, कंसात दिसतो तो सध्याचा मोड, तिच्यात फुल लिहिलं की झालं, रीस्टार्ट नाही काही नाही. त्याच्या जोडीला थ्रेडआयआरक्यूज हा ऑप्शन मात्र बूटलाच द्यावा लागतो. त्याने बहुतेक हार्डवेअरच्या हाकांना स्वतंत्र थ्रेड (रांगेत मागेपुढे करता येणारं वेगळं काम) मिळतो आणि मग ऑडिओवाल्याला डिस्कवाल्याच्या पुढे काढता येतं. एकदम सेटिंगच्या फाइलमधे लिहू नका, पीसी सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो शब्द टाका आणि कंट्रोल-एक्स. आवडलं नाही तर पुढच्या बूटला आपोआप गेलेलं असतं.

दुसरं काम परवानगीचं, आणि माझ्या मते हे कर्नलपेक्षा महत्त्वाचं. युजरला ऑडिओ ग्रुपमधे टाका, /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.डी या फोल्डरमधल्या फाइलीत त्या ग्रुपला आरटीप्रायो (रांगेत पुढे घुसायची परवानगी) 95 आणि मेमलॉक (मेमरी अडवून ठेवायची परवानगी) अनलिमिटेड द्या, लॉगआउट करून परत या. यूलिमिट -आर मारल्यावर 95 आलं तर बरोबर, शून्य आलं तर ही परवानगी मिळालेलीच नाही, तुमचा प्रोग्राम कदाचित बाकी सगळ्यांच्या रांगेतच उभा असेल, वर कर्नल कितीही भारी टाका.

सीपीयू गव्हर्नर, म्हणजे सीपीयूचा वेग ठरवणारी सेटिंग, परफॉर्मन्सला ठेवा, रेकॉर्डिंगपुरता.

मग पाइपवायरला (लिनक्सवर आवाजाची ने-आण करणारा प्रोग्राम) बफर 128 करून त्याचंच पीडब्ल्यू-टॉप उघडून ठेवा आणि ईआरआर नावाचा, एक्सरन मोजणारा कॉलम बघत बसा. वाजवत असताना तो आकडा वाढतोय का, वाढतोय तर त्याच वेळी मशीनवर अजून काय चाललंय, एवढंच शोधायचं. माझा आकडा बरोब्बर दुपारी दोननंतर पळायला लागायचा. कारण? दोनचं बॅकअप मीच लावलेलं, तेव्हा घरात सगळे झोपलेले असतात म्हणून, आणि बॅकअपची हार्ड डिस्क आणि ऑडिओ इंटरफेस दोन्ही एकाच यूएसबी हबला! कर्नल बिचारा उगाच शिव्या खात होता. तापकीर गल्लीतनं एक लांब केबल आणली, इंटरफेस थेट मागच्या पोर्टला लावला, बॅकअप पहाटे चारला नेलं. यूएसबीवर भागलं नाही तर वायफाय बंद करून बघा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर पण कधीकधी असाच मधे मधे करतो.

तरीही कट्ट येतंय तर मग कर्नलला किती उशीर होतो ते मोजणारं सायक्लिकटेस्ट चालवा आणि फक्त मॅक्सचा आकडा बघा, ॲव्हरेज छान दिसतो पण त्याला काही अर्थ नाही, एक्सरन एकाच वाईट क्षणाने होतो. आणि हार्डवेअरमुळे होणारा उशीर पकडणारं एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट पण चालवा, कारण काही मदरबोर्डचा बायोस कर्नलला न विचारता सीपीयू घेऊन बसतो, तिथे कुठलाच कर्नल काही करू शकत नाही.

खरा रिअलटाइम कर्नल लागतो तो याच्याही पुढे. तो पॅच जवळपास वीस वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेरच फिरत होता, कर्नल डेव्हलपर थॉमस ग्लाइक्सनर आणि मंडळी त्याच्या मागे होती, आणि नोव्हेंबर 2024 च्या 6.12 मधे एकदाचा आत आला. पण तो बिल्ड करतानाच निवडावा लागतो, डेबियनवर त्याचं वेगळं पॅकेज मिळतं. त्यात बहुतेक लॉकसुद्धा मधे थांबवता येतात, त्याची किंमत म्हणजे एकूण काम थोडं कमी उरकतं, म्हणून हिंजवडीत ऑफिसच्या सर्व्हरवर मी तो टाकणार नाही. घरी 32 सॅम्पलवर वाजवायचंय तर टाका.

डेस्कटॉप आणि सर्व्हरला शेड्यूलर (सीपीयूची पाळी ठरवणारा कर्नलचा भाग) वेगळे हवेत हा वाद तसा जुना आहे. 2007 मधे कॉन कोलिव्हास, जे पेशाने ऑस्ट्रेलियात भूल देणारे डॉक्टर, डेस्कटॉपसाठी भांडत होते, पण 2.6.23 मधे आत गेला तो कर्नल डेव्हलपर इंगो मोल्नारचा सीएफएस हा शेड्यूलर, सगळ्यांना एकच. 2023 मधे 6.6 ला त्याच्या जागी ईईव्हीडीएफ आला, तोही सगळ्यांना एकच.

रेकॉर्डिंग संपलं की गव्हर्नर परत जागेवर आणा, मी दोनदा विसरलो आणि एप्रिलमधे रात्रभर पंखा घोंघावत होता. मोड फुलवरच राहिला तर राहू द्या, फोटो कॉपी व्हायला मला तरी काही फरक दिसला नाही आणि आईला तर काही बदललंय हेच माहीत नाही.