गाण्यात भाव आणायचा म्हणजे नेमकं काय करायचं: सोलापुरात गायन शिकू पाहणाऱ्यांसाठी

गायन शिकायला येणाऱ्या बहुतेकांना सर्वात आधी 'भाव' हवा असतो. मागणी रास्तच आहे. पण त्यासाठी आवाज मुद्दाम थरथरवायची, भुवया ताणायची, ओळीचा शेवट पुटपुटत सोडायची सवय सुरुवातीलाच लागली, की ती सुटायला फार वेळ जातो. गळा ऐकणाऱ्याचा दाटून यायला हवा. गाणाऱ्याचा दाटला तर घशाचे स्नायू आवळतात, स्वरयंत्र वर चढतं आणि सूर फुटतो.

आधी पट्टी, म्हणजे तुमचा 'सा' पेटीच्या कोणत्या पट्टीवर धरायचा ते, ठरवा. पुरुषांची साधारण काळी एक ते काळी दोन (पेटीच्या काळ्या पट्ट्यांचे क्रमांक), स्त्रियांची काळी चार ते काळी पाच. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) भरीव लागला आणि तार मध्यम (वरच्या सप्तकातला म) न ओरडता गाठता आला, की पट्टी बरोबर. आवडत्या गाण्याच्या मूळ पट्टीचा हट्ट धरू नका; वरच्या सुरांवर ताण आला की करुण ओळसुद्धा रागावल्यासारखी ऐकू येते. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलांनी पट्टी उतरवावी, रियाज बंद करू नये.

रोज पंधरा-वीस मिनिटं खर्ज: तानपुऱ्यावर मंद्र सप्तकातला एकेक स्वर, आकारात ('आ' म्हणत), पूर्ण श्वासभर. त्यानंतर एकाच स्वरावर थांबायला शिका. बागेश्री रागातला आणि तोडी रागातला कोमल गंधार (उतरलेला ग) सारखा नाही. तोडीत तो आणखी उतरलेला असतो. दरबारी रागात तो आंदोलित होतो, म्हणजे हळुवार झुलतो. पेटीवर हा फरक दाखवता येत नाही, म्हणून पेटीच्याच आधाराने शिकणाऱ्याचा गळा या जागांना मुकतो. आमच्या मते नवख्यांचं सर्वात मोठं नुकसान इथेच होतं. मोबाइलमधला तानपुरा चालेल, पण रियाजात तो हवाच.

मग शब्द. गाणं आधी नुसतं वाचा, अर्थ तुटणार नाही अशा ठिकाणी वहीत श्वासाच्या खुणा करा. शब्दाच्या मध्ये श्वास घेतला की भाव तिथेच संपतो. स्वर लांबवायचा तो अ, आ, ई, ओ यांवर. 'न', 'म' लवकर मिटले तर आवाज नाकात अडकतो. मोठ्या अभंगात चरणांची अक्षरं 6, 6, 6, 4 अशी असतात. चौथा चरण आखूड, म्हणून त्याच्यानंतर मोकळी जागा मिळते आणि ऐकणाऱ्यापर्यंत ओळ तिथे पोचते. ती जागा तानेने भरून टाकायचा मोह आवरा.

सोलापुरात घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारे विद्यार्थी पुष्कळ. 'चांदणं' आणि 'चिमणी' यांतले च वेगळे आहेत, तसेच 'जग' आणि 'जीव' यांतले ज. कन्नडभाषकांचे दोन्ही एकसारखे होतात. या जोड्या आधी बोलून, मग एका स्वरावर म्हणून घोटाव्या. उलट संत सिद्धरामेश्वरांची वचनं (कन्नड भक्तिरचना) गाताना मराठी मुलांनी कन्नड उच्चार जाणकाराकडून तपासून घ्यावेत. घरात एवढ्या भाषा असणं हे इथल्या गायकाचं मोठं बळ आहे, ते वापरा.

इथला उन्हाळा कोरडा. एप्रिल-मेमध्ये रियाज पहाटे करा, पाणी दिवसभर थोडंथोडं प्या. उन्हातून येऊन लगेच बर्फाचं पाणी पिऊन गायला बसू नका. यंत्रमागाच्या कारखान्यात काम असेल, तर कापसाच्या तंतूंनी घसा खवखवतो. नाकातोंडावर रुमाल बांधा आणि रियाज पाळीच्या आधी उरका.

गणेशोत्सवात पहिल्यांदा माइक हाती येईल. तो तोंडापासून चार-पाच बोटांवर, वरच्या सुरांना थोडा लांब. प्रतिध्वनी कमी ठेवायला सांगा, नाहीतर शब्द एकमेकांवर चढतात.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात. पुढे प्रवेशिका, मध्यमा, विशारद. त्या द्याव्यात, राग पक्के होतात. मात्र परीक्षेच्या दिवसांतही आठवड्यातून एक अभंग किंवा भावगीत शब्दांसाठी बसवा, आणि मोबाइल दोन हात अंतरावर ठेवून ध्वनिमुद्रित करा. दुसऱ्या दिवशी ऐकताना फक्त ओळींचे शेवट तपासा. सूर उतरतो तो बहुधा तिथेच.