टर्बो सीच्या लॅबमधून घरच्या जीसीसीवर येताना

नांदेडचं विद्यापीठ असो की तालुक्याचं कॉलेज, सी प्रोग्रामिंग शिकताना लहान ठिकाणी बॅच छोटी असते. सरांना गाठून कोड दाखवता येतो. हा फायदा आधी घ्या.

काही लॅबमध्ये अजून टर्बो सी (सीचा जुना कंपायलर, म्हणजे कोड चालण्याजोगा करणारा प्रोग्राम) चालतं. तिथला प्रोग्राम घरी लिनक्सच्या जीसीसी या कंपायलरवर टाकला की अडतो, कारण कोनिओ डॉट एच ही फाइलच तिथे नसते आणि स्क्रीन पुसणारं सीएलआरएससीआर ओळखलं जात नाही. दोन्ही ओळी काढा, व्हॉइड मेनऐवजी इंट मेन लिहा.

दुसरी नेहमीची फसगत म्हणजे आधी आकडा वाचला, मग अक्षर, तर प्रोग्राम अक्षरासाठी थांबतच नाही. आकड्यानंतर दाबलेलं एंटर बफरमध्ये (टाइप केलेलं साठतं तिथे) उरतं आणि तेच अक्षर म्हणून वाचलं जातं. इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफमध्ये टक्के-सीच्या (अक्षर वाचायची खूण) आधी एक स्पेस सोडा. मिटलं.

लाइट जाणारच (उन्हाळ्यात तर जास्तच), म्हणून दर १० मिनिटांनी सेव्ह आणि रोज एक गिट कमिट (गिट या प्रोग्रामने कोडची त्या क्षणाची नोंद ठेवणं). कमिटला इंटरनेट लागत नाही. पुश, म्हणजे त्या नोंदी ऑनलाइन चढवणं, कॉलेजात गेल्यावर करा.

जर्नल आठवड्याच्या आठवड्याला लिहा. आउटपुट स्वतः चालवून उतरवा, मित्राच्या वहीतून नको. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.