जहाज-दिवस कसे विकावेत: नाउरू करारातल्या बेटांची रीत

नाउरूची जमीन जेमतेम 21 चौरस किलोमीटर, तर किरिबातीचं सागरी क्षेत्र सुमारे 35 लाख. स्किपजॅक हा ट्यूना मासा (आपल्या कुप्याचा भाऊबंद) या पाण्यातून त्या पाण्यात फिरतो. त्यामुळे एका बेटानं परवाना महाग केला की पर्ससीन जहाज (गोल जाळ्यानं अख्खा थवा घेरणारं) शेजाऱ्याकडे वळतं. 1982 च्या नाउरू करारात आज मायक्रोनेशिया, किरिबाती, मार्शल बेटं, नाउरू, पलाऊ, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि तुवालू हे आठ देश आहेत. त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे जहाज-दिवस, एका जहाजाला एका दिवसाच्या मासेमारीचा हक्क, विकणं. तो इतर कुणाला उभारायचा असेल तर पुढचा क्रम धरावा.

आधी मोजायचं काय ते ठरवा. या देशांनी पूर्वी 205 जहाजांची मर्यादा घातली होती. आकडा तोच राहिला, पण जहाजं मोठी झाली आणि पकड वाढत गेली. म्हणून 2007 पासून जहाजांऐवजी मासेमारीचे दिवस मोजतात. साठ्याच्या शास्त्रीय अंदाजावरून वर्षाचे एकूण दिवस काढावेत. मग ते देशांत वाटताना दोन गोष्टी धराव्यात: त्या पाण्यात आजवर झालेली मासेमारी आणि तिथला माशांचा साठा. नुसता इतिहास धरला तर ज्यांचं पाणी आजवर कमी वापरलं गेलं ते देश नाराज होतात, आणि नाराज देश सर्वांत आधी स्वस्तात विकतो.

जहाजाच्या लांबीचाही हिशेब हवा: 50 मीटरपेक्षा लहान जहाजाचा दिवस अर्धा, 50 ते 80 मीटरचा एक, त्याहून मोठ्याचा दीड.

आता किंमत. दर दिवसाची किमान किंमत सर्वांनी मिळून ठरवावी. त्यावर किती मिळवायचं ते प्रत्येक देशानं पाहावं, जमेल तिथे निविदा काढून. ही किमान किंमत 2012 मध्ये 5,000 अमेरिकी डॉलर होती, 2015 पासून 8,000. कंपन्या पळून जातील ही भीती फोल ठरली. 2010 मध्ये सर्वांचं मिळून सुमारे 6 कोटी डॉलर असलेलं उत्पन्न काही वर्षांतच 40 कोटींच्या पुढे गेलं.

खरी गळती मोजणीत होते. जहाज बंदराबाहेर आपल्या पाण्यात असेल तर तो दिवस मासेमारीचाच धरायचा; तसा नव्हता हे सिद्ध करायचं काम जहाजाचं. ‘आज मासेमारी केली नाही’ हा दावा फुकट दिवसांचा चोरदरवाजा आहे. तो मान्य करण्यापूर्वी उपग्रहावरचा जहाजाचा मार्ग, जहाजावरच्या निरीक्षकाची नोंद आणि जाळं बांधून ठेवलं होतं का, हे तिन्ही ताडून पाहावं. परवाने विकणाऱ्या अधिकाऱ्याकडे हा निर्णय देऊ नये.

दिवसांची आपसात देवाणघेवाण खुली ठेवा. एल निनोच्या वर्षी मासे पूर्वेला, किरिबातीकडे सरकतात आणि पश्चिमेच्या देशांकडे दिवस पडून राहतात.

मधल्या खुल्या समुद्राचं काय? तिथे कुणाचीच हुकमत नाही. पण ‘आमच्या पाण्यात यायचं तर तिथे जाळं टाकायचं नाही’ अशी परवान्यातच अट घालता येते, आणि या देशांनी ती घातली.

या सगळ्याला मोठं सचिवालय लागत नाही. मार्शल बेटांच्या राजधानीतलं, माजुरोतलं त्यांचं कार्यालय 2010 मध्ये उघडलं, म्हणजे पद्धत सुरू झाल्यावर. मात्र जहाजांची नोंदवही एकच आणि सामाईक असावी. खर्च नोंदणी शुल्कातून काढावा.

एकूण दिवसांचा आकडा मात्र वेळोवेळी तपासा. मासे खाली जमावेत म्हणून समुद्रात सोडलेल्या तरंगत्या आमिषांना आता उपग्रहाशी जोडलेले, खालचे मासे सांगणारे बोये असतात; एका दिवसाची पकड वाढते आणि तोच आकडा पुन्हा सैल पडतो.