एअर फिल्टर: कंपनीचा, बाहेरचा की तेलातला कापडी?

इंजिनात जाणारी हवा गाळणारा हा फिल्टर बदलताना कोणता घ्यायचा? उत्तर आधीच सांगून टाकू. नावाजलेल्या मेकचा कागदी फिल्टर बाहेरून बिनधास्त घ्या. तेलातला कापडी ‘परफॉर्मन्स’ फिल्टर रोजच्या गाडीला घेऊ नका. आणि बिननावाचा, साध्या पिशवीतला फिल्टर फुकट मिळाला तरी बसवू नका.

बाहेरचा म्हटलं की लोक सगळ्यांना एकाच तागडीत तोलतात. मान, माहले यांसारखे मेक मुळात गाडीच्या कंपन्यांनाच फिल्टर पुरवतात. तोच माल त्यांच्या स्वतःच्या खोक्यात कमी किमतीला मिळत असेल, तर गाडीच्या कंपनीच्या खोक्याचे जास्तीचे पैसे कशाला मोजायचे? महागड्या जर्मन गाड्यांत हा फरक चांगलाच जाणवतो. मारुती-ह्युंदाईच्या हॅचबॅकमध्ये मात्र कंपनीचाच फिल्टर दोन-पाचशे रुपयांत येतो. तिथे पन्नास-शंभर वाचवण्यासाठी दुकानं पालथी घालण्यात अर्थ नाही.

आता कापडी फिल्टर. चार-सहा हजारांना मिळतो, आयुष्यभर धुऊन वापरा, पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेज वाढेल, असं सांगून विकतात. अ‍ॅव्हरेजचं गणित बघा. पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, म्हणजे लिटरमागे जवळपास नऊ हजार लिटर. हवा जास्त आली की ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) पेट्रोलही त्याच प्रमाणात जास्त सोडतो. शिवाय गावातल्या चालवण्यात थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) अर्धवट बंदच असतो. हवेला खरी अडवणूक तिथे होते, फिल्टरमध्ये नाही. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ साली मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या तपासल्या. अ‍ॅव्हरेजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही, फक्त गाडी पळायला मंदावली. चोंदलेल्या फिल्टरने अ‍ॅव्हरेज घटत नसेल, तर जास्त मोकळ्या फिल्टरने ते वाढेल कुठून? कार्ब्युरेटरच्या जमान्यात ही गोष्ट खरी होती, ती अजून चालू आहे इतकंच.

पिकअपचं म्हणाल, तर साध्या इंजिनात मिळालाच तर एखाद-दोन टक्के फायदा, तोही रेड लाइनजवळ, म्हणजे इंजिन कमाल वेगाने फिरत असताना. फिल्टरचा बॉक्स काढून उघडा शंकूसारखा फिल्टर लावला, तर तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी उतरते, म्हणजे कमावलेलं तिथेच गेलं. वाढतो तो आवाज. आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं, आणि निम्मी विक्री त्या वाटण्यावरच होते.

खरा मुद्दा धुळीचा. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्के किंवा त्याहून जास्त धूळ अडवतो, तेलातला कापडी साधारण ९७ ते ९९. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण इंजिनाच्या दृष्टीने अडलेली धूळ मोजायची नसते, आत गेलेली मोजायची असते. ९९ टक्क्यांत १ टक्का आत जाते, ९७ मध्ये ३, म्हणजे तिप्पट. पाच ते वीस मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सिलिकाचे, म्हणजे वाळूचे, कण पिस्टन रिंग आणि सिलिंडरच्या फटीत नेमके बसतात आणि पॉलिश पेपरसारखं घासतात. पंधराचं अ‍ॅव्हरेज धरलं, तर २०,००० किलोमीटरमध्ये इंजिन सुमारे सव्वा कोटी लिटर हवा ओढतं. चंद्रपूरच्या कोळशाच्या रस्त्यांवर, खडी क्रशरच्या आसपास, कोकणातल्या तांबड्या मातीत किंवा सांगली-कोल्हापुरात ऊसतोडीच्या दिवसांत गाडी फिरत असेल, तर हा फरक कागदावरचा राहत नाही.

तेलाचा आणखी एक उपद्रव आहे. बॉक्सच्या लगेच पुढे पाइपावर चार-पाच वायरींचा कनेक्टर असलेला सेन्सर दिसला, तर तो बहुधा एमएएफ, म्हणजे आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर, असतो; डिझेल गाड्यांत हमखास. फिल्टर धुतल्यावर तेल जास्त लावलं की त्याचा अंश सेन्सरच्या बारीक तापत्या तारेवर बसतो, वर धूळ चिकटते आणि हवा आहे त्यापेक्षा कमी मोजली जाते. पेट्रोल गाडीत मग पी०१७१ कोड (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), आयडलिंगला थरथर, पिकअपला झटके. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवून-घटवून सोडतोय तो आकडा) सतत +१० च्या वर दिसला, तर इकडे शंका घ्या. सेन्सर फक्त एमएएफ क्लीनरच्या स्प्रेने साफ करा. कापूस, ब्रश, कार्ब क्लीनर काही लावू नका. तार तुटली की सेन्सर गेला.

आणि बचत? एक लाख किलोमीटरला २०,००० वर एक असे पाच कागदी फिल्टर, ३५० प्रमाणे १,७५० रुपये. कापडीचे पाच हजार आणि वर धुण्याचं किट. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांनाही तेलाशिवायचा सिंथेटिक प्रकार बरा पडतो.

दुकानात घेताना जुना फिल्टर बरोबर न्या. दोन्ही शेजारी ठेवून लांबी-रुंदी-उंची जुळते का बघा. मग एका बाजूच्या घड्या मोजा. नव्यात बऱ्याच कमी भरल्या, तर कागद कमी, म्हणजे लवकर चोंदणार. रबराची कड बोटाने दाबा, ती दबून लगेच परत आली पाहिजे. डुप्लिकेटमध्ये ती प्लास्टिकसारखी कडक असते किंवा कोपऱ्यात तिचा जोड उघडा पडलेला असतो. शेवटी फिल्टर उजेडासमोर धरा. प्रकाश सारखा झिरपला पाहिजे. टाचणीएवढा लख्ख ठिपका दिसला तरी परत करा. खोक्यावर पार्ट नंबर आणि एमआरपी नसेल तर पुढे बोलूच नका. केबिनचा एसी फिल्टर वेगळा. बिलात दोन्ही येतात, तेव्हा कोणता बदलला ते विचारून घ्या.

बसवणं पंधरा मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक घोळ इथेच होतात. इंजिन थंड असू द्या. क्लिपा किंवा स्क्रू सोडा; वायरिंग आडवं येत असेल तर कनेक्टर लॉक दाबून काढा, वायर धरून ओढू नका. झाकण उचलल्यावर लगेच पुसायला लागू नका, आधी बघा. फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या बाजूला धुळीची रेघ दिसली, तर जुना फिल्टर नीट बसत नव्हता. ती रेघ जिथून सुरू होते तिथेच फट आहे. बॉक्सच्या तळाची पानं, किडे, कधी उंदराने आणलेल्या चिंध्या काढा आणि ओल्या फडक्याने पुसा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, सगळं पुढच्या पाइपात जाईल.

नवा फिल्टर ‘टॉप’ किंवा बाणाची खूण बघून ठेवा. बऱ्याच बॉक्सना मागच्या बाजूला क्लिपा नसतात, दोन-तीन जिभा असतात. आधी त्या खाचेत बसवायच्या, मग पुढच्या क्लिपा लावायच्या. घाईत जिभा बाहेर राहतात, क्लिपा तरी लागतात, आणि मागे पोस्टकार्ड जाईल एवढी फट उरते. मग कितीही भारी फिल्टर घातला तरी धूळ बाजूने सरळ आत. खात्री करायला झाकण पुन्हा एकदा उघडा. रबरावर बॉक्सच्या कडेचा वळ चारही बाजूंनी सारखा उमटलेला हवा. प्लास्टिकमधले स्क्रू हाताच्या जोरानेच आवळा, आटे लगेच जातात.

गॅरेजवाले दर सर्व्हिसला फिल्टरला हवा मारून देतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा १००-१२० पीएसआय दाब जवळून मारला, तर कागदाला डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा पडतात. मारायचीच तर आतल्या बाजूने बाहेर, ३० पीएसआयच्या आत, वीतभर अंतरावरून. त्यापेक्षा फिल्टर जमिनीवर हलका आपटून पुन्हा बसवा. थोडी धूळ बसलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा जास्त चांगला गाळतो, त्यामुळे नुसता काळा दिसला म्हणून बदलू नका. किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. रोज कच्च्या रस्त्याला असाल तर तो आकडा निम्मा धरा.

भिजलेला कागदी फिल्टर मात्र वाळवून वापरू नका. कागद फुगतो, घड्या एकमेकींना चिकटतात, डिंक सुटतो. पावसाळ्यात गाडी पाण्यातून गेली असेल आणि बॉक्सच्या तळाशी पाणी सापडलं, तर स्टार्टर मारूनसुद्धा बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च हजारांतून लाखात जातो. गाडी टो करून न्या, स्पार्क प्लग किंवा डिझेल असेल तर इंजेक्टर काढून आधी पाणी बाहेर काढायला सांगा.